कट्यार (शस्त्र)

कट्यार हे भारतीय उपखंडातील आखूड पात्याचे, भोसकण्यासाठी वापरले जाणारे शस्त्र आहे. इतर सुऱ्यांप्रमाणे तिची मूठ पात्याच्या रेषेत नसते, ती पात्याला आडवी असते. त्यामुळे वळलेल्या मुठीच्या पुढे पाते सरळ येते आणि हात, मनगट व शस्त्र एका रेषेत राहतात. युद्धातील उपयोग संपल्यावर कट्यार ही संग्राहकांच्या व संग्रहालयांच्या आवडीची वस्तू बनली. भारतीय शस्त्रांच्या जगातील कोणत्याही मोठ्या संग्रहात तिचे नमुने आढळतात.

नाव

मराठीत कट्यार, हिंदीत कटार असे नाव रूढ आहे. मराठी बखरींत येणारा 'जमदाड' हा शब्द फार्सी लेखनातील 'जमधर'शी निगडित असून त्याची व्युत्पत्ती यमाची दाढ अशी सांगतात. आडव्या मुठीच्या शस्त्राचे खरे नाव जमधर असून 'कटार' हे नाव विल्ब्रहॅम एगर्टन यांच्या १८८० सालच्या भारतीय शस्त्रांवरील ग्रंथामुळे त्याला चिकटले, असे मत शस्त्रअभ्यासक जी. एन. पंत यांनी मांडले. तथापि १४व्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने 'कत्तारा' नावाच्या शस्त्राचे जे वर्णन केले आहे, ते नांगराच्या फाळासारखे, आत हात घालून धरण्याचे आणि कोपरापुढचा हात झाकणारे असे आहे. हे वर्णन आडव्या मुठीच्या शस्त्रालाच लागू पडते. तेव्हा दोन्ही नावे जुनी असून प्रदेशानुसार व काळानुसार त्यांची सरमिसळ झाली, असे मानणे अधिक योग्य ठरते.

रचना

मुठीच्या दोन्ही बाजूंना दोन समांतर पट्ट्या असतात व त्यांना जोडणाऱ्या एक, दोन वा अधिक आडव्या दांड्या मुठीत धरायच्या असतात. पट्ट्या मनगटाच्या दोन्ही अंगांना मागे जातात व काही प्रमाणात हाताचे रक्षण करतात. पाते बहुधा त्रिकोणी व दुधारी असते. पुष्कळ कट्यारींचे टोक मुद्दाम जाड ठेवलेले असते. कड्यांच्या चिलखतावर आघात झाला असता पातळ टोक वाकते किंवा मोडते, जाड टोक मात्र कड्या फाकवून आत शिरते. या रचनेमुळे संपूर्ण शरीराचा जोर टोकावर एकवटता येतो. मात्र मनगट वळवून काप घेणे अवघड जाते आणि पल्ला कमी राहतो. म्हणून तलवार किंवा भाला निकामी झाल्यावर, अगदी अंगाला अंग भिडल्यावर कामी येणारे दुय्यम शस्त्र हेच तिचे खरे स्थान होते. ती कमरेच्या शेल्यात खोचली जाई, आणि दरबारात मानाचे चिन्ह म्हणूनही मिरवली जाई.

मराठ्यांच्या इतिहासात

कट्यारीचा सर्वांत प्रसिद्ध उल्लेख शत्रूच्या हातातील शस्त्र म्हणून येतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेल्या भेटीत अफजलखानाने शिवाजी महाराजांच्या कुशीत जमदाड चालविली, पण अंगातील कपड्यावर ती खरखरली व जखम झाली नाही, असे कृष्णाजी अनंत सभासद याच्या बखरीत म्हटले आहे. त्याच बखरीनुसार महाराजांच्या एका हातात वाघनख व दुसऱ्या हातात बिचवा होता. बिचवा हा नागमोडी, दुधारी पात्याचा लहान खंजीर असून त्याची मूठ कड्यासारखी बंद असते. वाघनख जोडलेले बिचवेही पुढे बनवले गेले व त्यांचे नमुने संग्रहांत आहेत. ते सारेच युद्धासाठी घडवले गेले असे समजण्याचे कारण नाही. या प्रसंगाच्या कीर्तीमुळे अशा जोडशस्त्रांना गिऱ्हाईक मिळत असे, हेही लक्षात घ्यावे लागते.

आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा आर्थर वेलस्लीच्या सैन्याशी सामना झाला, तोपर्यंत लढाईचे स्वरूप पार बदललेले होते. केळणा व जुई या नद्यांच्या दुआबातील त्या रणात निर्णायक ठरल्या त्या तोफा, कवायती पलटणी, संगिनी आणि घोडदळ. कट्यार, बिचवा, खंजीर ही शस्त्रे सैनिकांच्या कमरेला असत, पण लढाईचा निकाल त्यांच्यावर अवलंबून राहिला नव्हता. पेशवाईच्या अस्तानंतर आणि विशेषतः १८७८च्या शस्त्र कायद्यानंतर ती घरातील पेटीत किंवा देव्हाऱ्याजवळ गेली. खंडेनवमीच्या शस्त्रपूजेने त्यांतील अनेक टिकून राहिली.

तंजावरच्या कट्यारी

संग्राहक ज्यांना सर्वाधिक मान देतात त्या कट्यारी तंजावरच्या आहेत. तेथील राजवाड्याच्या शस्त्रागारात नायक व त्यांच्यामागून आलेल्या भोसले राजांच्या काळातील शस्त्रे साठली होती. या कट्यारींच्या मुठीपुढे हाताची पाठ झाकणारे, शिडासारखे फुगीर लोखंडी पान असते आणि त्यावर याळी, मोर व वेलबुट्टीचे जाळीदार काम आढळते. कित्येकींना युरोपीय तलवारीचे तुकडे पाते म्हणून रिव्हेटने जोडलेले आहेत. युरोपीय पात्याच्या तलवारीला मराठीत 'फिरंग' म्हणत, हे वाचकांना ठाऊक असेलच. १८५५ मध्ये तंजावरचे राज्य खालसा झाल्यावर हे शस्त्रागार मोडण्यात आले. निवडक शस्त्रे मद्रासच्या सरकारी संग्रहालयात गेली, उरलेली मोठी संख्या मोडीच्या लोखंडात निघाली आणि काही नमुने व्यापाऱ्यांमार्फत परदेशी पोचले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील दक्षिण भारतीय कट्यारींपैकी काही जॉर्ज कॅमेरॉन स्टोन या संग्राहकाच्या १९३५च्या मृत्युपत्रातून तेथे आल्या आहेत. एखाद्या कट्यारीला तंजावरची म्हणण्याची बाजारातील हौस मोठी आहे. शस्त्रागाराशी तिचा कागदोपत्री संबंध दाखवता येणे मात्र विरळा.

नवलाईच्या कट्यारी

१८व्या व १९व्या शतकात कारागिरांनी कट्यारीत अनेक चमत्कृती केल्या. 'कात्री कट्यारी'च्या मुठीच्या दांड्या आवळल्या की बाहेरचे पाते दोन भागांत उघडते व आतले तिसरे पाते दिसते. हे पाते शरीरात शिरल्यावर उघडून जखम वाढवी, अशी कथा विक्रेते हमखास सांगतात. परंतु स्नायूंच्या दाबाविरुद्ध ते उघडणे कठीण आहे आणि यंत्रणेमुळे पाते दुबळेही होते. काही कट्यारींच्या पोकळ पात्यात दुसरी लहान कट्यार बसवलेली असते, तर काहींच्या बाजूच्या पट्ट्यांवर लहान पिस्तुले जडवलेली असतात. ही शस्त्रे भेटी देण्यासाठी व कारागिरी दाखवण्यासाठीच अधिक होती. पुढच्या काळात फर्स्ट ब्लड (१९८२) या चित्रपटानंतर पोकळ मुठीच्या, दातेरी पाठीच्या सुऱ्यांची जगभर जी लाट आली, तिच्यामागची प्रेरणा फारशी वेगळी नव्हती. याउलट दुसऱ्या महायुद्धातील फेअरबर्न-साइक्स कमांडो खंजीर अत्यंत साधा आहे. भारतीय पॅरा विशेष दलाच्या 'बलिदान' चिन्हावर असाच कमांडो खंजीर आहे.

पारख आणि जतन

जुन्या कट्यारीची पारख पोलाद, जोडकाम व झीज यांवरून होते. मुठीच्या आडव्या दांड्या वापराने गुळगुळीत झालेल्या असाव्यात. झीज केवळ बाहेरून दिसणाऱ्या भागावरच असेल, तर ती कृत्रिम असण्याचा संभव असतो. उत्तम पात्यांवर जौहर, म्हणजे पोलादातील लाटांसारखी नैसर्गिक नक्षी, दिसते. नकली पात्यांवर ती आम्लाने वरवर कोरलेली असते. खऱ्या कोफ्तगिरीत खरवडलेल्या लोखंडावर सोन्याची तार ठोकून बसवलेली असते व भिंगाखाली त्या खुणा ओळखता येतात. सोनेरी मुलाम्याला त्या नसतात.

महाराष्ट्रातील घराण्यांच्या शस्त्रांचे सर्वाधिक नुकसान चोरीने नव्हे, तर सफाईने झाले असावे. पूजेआधी चिंच, राख किंवा पॉलिश कागदाने पाते घासून चकचकीत करण्याची पद्धत आहे. त्यात जौहर पुसला जातो, सोन्याचे काम निघते व कोरलेली अक्षरे बुजतात. मऊ कापड आणि हलके खनिज तेल एवढे पुरेसे असते.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात जुनी शस्त्रे पाहता येतात. १९४८ पर्यंत जालना हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानातील उमरावी शस्त्रांसाठी हैदराबादचे सालारजंग संग्रहालय पाहावे. वस्तूची वंशावळ किती नाजूक असते, याचे उदाहरण म्हणजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात प्रदर्शनासाठी आलेले वाघनख. साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडे ते होते, असे त्याच्या पेटीवरील लेखातून दिसते. ते शिवाजी महाराजांचेच होते याची खात्री देता येत नाही, असे खुद्द त्या संग्रहालयाचेही म्हणणे आहे.

साहित्यात

पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) या संगीत नाटकात राजगायकाला मानाची कट्यार मिळते आणि तिने केलेला एक खून माफ असतो. जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत असलेल्या या नाटकावर २०१५ मध्ये सुबोध भावे यांनी त्याच नावाचा चित्रपट दिग्दर्शित केला.

कायदा

शस्त्र अधिनियम १९५९ व त्याखालील नियमांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची, घरगुती, शेती, वैज्ञानिक अथवा औद्योगिक कामासाठी नसलेली धारदार शस्त्रे नियंत्रणाखाली येतात. अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या क्षेत्रात ती बाळगण्यास परवाना लागतो. शोभेची म्हणून विकली जाणारी प्रतिकृती धारदार असल्यास केवळ 'शोभेची' या नावामुळे तिला सूट मिळत नाही. किमान १०० वर्षे जुनी कट्यार पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ खाली पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करण्यास परवाना आवश्यक असून खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही.