न्याहारी : देशोदेशींची

न्याहारी : रात्रीचा उपवास सोडून दिवसाच्या उद्योगास लागण्यापूर्वी, किंवा शेतकऱ्याच्या बाबतीत उद्योगाचा पहिला प्रहर आटोपल्यावर बांधावर बसून, घेतला जाणारा आहार, संस्कृत ग्रंथांतील प्रातराश. दिवसाच्या सर्व भोजनांत मनुष्य या एकाच भोजनाविषयी विलक्षण हट्टी असतो : परमुलखात गेलेला गृहस्थ दुपारी व रात्री तेथील अपरिचित पक्वान्ने कौतुकाने चाखतो, परंतु सकाळी घरचा मामूल पदार्थ न मिळाल्यास त्याचे चित्त दिवसभर थाऱ्यावर राहत नाही. या हट्टामुळेच प्रत्येक देशाची न्याहारी तेथील लोकांस अनादी वाटते. वस्तुस्थिती पुष्कळदा याच्या उलट असते. राष्ट्रीय म्हणून मिरविल्या जाणाऱ्या अनेक न्याहाऱ्यांचे वय दोन शतकांच्या आतले असून, त्यांच्या मुळाशी परंपरेपेक्षा एखादे बंदर, एखादा कारखाना किंवा एखाद्या वैद्याचा आग्रह सापडतो.

प्राचीन रोमन लोक सकाळी पाव, चीज, ऑलिव्ह असा अल्पसा आहार घेत. मध्ययुगीन ख्रिस्ती यूरोपात मात्र दिवसातून दोन भोजने शिष्टसंमत होती व उठल्याबरोबर खाणे हे खादाडपणाचे लक्षण समजले जाई. तेराव्या शतकातील धर्मपंडित टॉमस अक्वायनस याने खादाडपणाच्या प्रकारांत वेळेपूर्वी खाणे हाही एक प्रकार गणला आहे. बालक, वृद्ध, रुग्ण आणि अंगमेहनतीचा मजूर यांना तेवढी सवलत असे, त्यामुळे न्याहारी करणारा तो कष्टकरी, असाच समज होऊन बसला आणि अभिजन तिच्यापासून दूर राहिले. सतराव्या शतकात चहा, कॉफी व चॉकलेट ही तीन उष्ण पेये समुद्रमार्गे आली. पातळ पेयाने उपवास मोडतो की नाही, हा वाद धर्माधिकाऱ्यांत उपस्थित झाला आणि त्याचा निकाल बहुतांशी पेयाच्या बाजूने लागला. पेयामागून पाव आला, पावामागून लोणी.

इंग्लंडची न्याहारी भरगच्चपणाबद्दल प्रसिद्ध आहे. तळलेली अंडी, बेकन, सॉसेज, टोमॅटो, भाजलेला पाव, नारिंगाचा मार्मालेड आणि दुधाचा चहा हा तिचा आजचा सरंजाम असला, तरी एकोणिसाव्या शतकातील जमीनदारांच्या वाड्यांतून याहून कितीतरी अधिक पदार्थ बाजूच्या मेजावर मांडून ठेवण्याचा प्रघात होता. १८६१ साली प्रसिद्ध झालेल्या इझाबेला बीटन यांच्या गृहव्यवस्थेवरील ग्रंथात थंड मांस, भाजलेले मासे, मूत्रपिंडे अशांचीही शिफारस आढळते. आज तिचे अविभाज्य अंग मानले जाणारे टोमॅटोच्या रसातील डबाबंद घेवडे मूळचे अमेरिकन होत. १८८६ साली लंडनच्या फोर्टनम अँड मेसन या श्रीमंती दुकानात ते अपूर्वाईचा जिन्नस म्हणून विक्रीस ठेवले गेले आणि पुढे मजुराच्या ताटात जाऊन स्थिरावले. याच मेजावर केजरी नावाचा जो पदार्थ असे, तो आपली खिचडीच होय. हिंदुस्थानातील इंग्रज अंमलदारांनी तिच्यातील डाळ काढून धुरावलेला हॅडॉक मासा व उकडलेली अंडी घातली आणि पेन्शनीबरोबर ती स्वदेशी नेली. चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूताने मूग व तांदूळ एकत्र शिजवून तुपाबरोबर खाण्याचा येथील रोजचा सकाळचा रिवाज नोंदविला आहे; तेव्हा सकाळचा पदार्थ सकाळचाच राहिला, एवढी एक गोष्ट तरी इंग्रजांनी येथल्या दस्तुराप्रमाणे पाळली, असे म्हटले पाहिजे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत न्याहारीस जे वळण लागले, ते धर्म, वैद्यक आणि व्यापार यांच्या अजब संगमातून. मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक गावी सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट या शाकाहाराचा पुरस्कार करणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे एक आरोग्यधाम होते व त्याचे प्रमुख डॉ. जॉन हार्वे केलॉग हे मांस, मसाले आणि उत्तेजक पेये यांचे कट्टर शत्रू होते. रुग्णांस पचेल असे धान्य तयार करण्याच्या खटपटीत त्यांनी व त्यांचा धाकटा भाऊ विल कीथ याने १८९४ च्या सुमारास शिजविलेला गहू रुळांतून काढून त्याच्या पातळ पापड्या भाजण्याची युक्ती साधली. पुढे मक्यावर हाच प्रयोग झाला. याच आरोग्यधामात उपचार घेऊन गेलेल्या सी. डब्ल्यू. पोस्ट याने १८९७ मध्ये स्वतःचे धान्यान्न बाजारात आणून अमाप पैसा मिळविला. १९०६ साली विलने स्वतंत्र कंपनी काढली, साखर घालण्यास डॉक्टरांचा असलेला विरोध बाजूस सारला आणि दोघे बंधू नावाच्या हक्कावरून न्यायालयात गेले. वैराग्याच्या हेतूने जन्मलेला पदार्थ मुलांच्या हट्टाचा विषय व्हावा, याहून मोठा दैवदुर्विलास आहारशास्त्राच्या इतिहासात शोधूनही सापडणे कठीण. बेकन व अंडी या दुसऱ्या अमेरिकन जोडीची कथाही फारशी वेगळी नाही : १९२० नंतरच्या दशकात एका बेकन-उत्पादक कंपनीसाठी जाहिरातपंडित एडवर्ड बर्नेज याने डॉक्टरांकडून भरपेट न्याहारीच्या बाजूने अभिप्राय गोळा केले आणि ते वृत्तपत्रांतून छापून आणले. हे त्याने पुढे स्वतःच मोठ्या अभिमानाने सांगितले आहे.

फ्रान्समधील चंद्रकोरीच्या आकाराचा क्रोसाँ मूळचा व्हिएन्नाचा असून, ऑगस्ट झांग या ऑस्ट्रियन गृहस्थाने १८४० पूर्वी पॅरिसमध्ये काढलेल्या भट्टीमुळे तेथे व्हिएन्नाच्या पावरोट्यांची आवड पसरली. १६८३ च्या तुर्की वेढ्याशी त्याचा संबंध जोडणारी लोककथा रंजक आहे, विश्वसनीय नाही. स्वित्झर्लंडमधील म्यूस्ली हे झुरिकचे वैद्य माक्सिमिलिआन बिर्खर-बेनर यांनी १९०० च्या सुमारास रुग्णांसाठी योजिलेले, प्रामुख्याने किसलेल्या सफरचंदाचे अन्न होय.

खऱ्या अर्थाने प्राचीन म्हणावी अशी न्याहारी पाहावयाची तर ईजिप्तकडे वळावे लागते. तेथील फूल मुदम्मस म्हणजे सुकलेले बाकला घेवडे निमुळत्या गळ्याच्या हंड्यात, मंद आचेवर, रात्रभर शिजवून केलेला लगदा. जुन्या कैरो शहरात सार्वजनिक हमामांच्या भट्ट्या रात्रंदिवस जळत व त्यांत शहराचा केरकचरा इंधन म्हणून घातला जाई. त्या भट्ट्यांच्या निखाऱ्यांत विक्रेते आपापले हंडे रात्री पुरून ठेवीत व पहाटे काढून गल्लोगल्ली घेऊन जात. शहराची स्वच्छता, स्नान आणि अन्न यांचा इतका काटकसरी बंदोबस्त आधुनिक नगरपालिकांस साधलेला नाही. जिरे, लिंबू, तेल व कच्चा कांदा घालून हा पदार्थ पोकळ गोल रोटीशी खातात. हमाल आणि वकील दोघेही तोच खातात, आणि रमजानात सहरीस तो घेतला म्हणजे दिवसभर भूक आवरते असा अनुभव आहे. यातील रोटी तेथे किती जिव्हाळ्याची आहे, हे एकदा दिसून आले : जानेवारी १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष सादात यांच्या सरकारने रोटीसारख्या जिनसांवरील सरकारी सवलत कमी करण्याचा हुकूम काढताच शहराशहरांत दंगली उसळल्या आणि तो हुकूम तत्काळ मागे घ्यावा लागला.

तुर्कस्तानात ऑलिव्ह, पांढरे चीज, काकडी, टोमॅटो, मध व दाट साय अशी अनेक लहान ताटल्यांची, रेंगाळत चालणारी न्याहारी असते. तिच्यासोबतचा चहा मात्र नवा आहे : उस्मानी साम्राज्याबरोबर कॉफी पिकविणारे येमेन गेले, कॉफी महाग झाली आणि प्रजासत्ताकाने काळ्या समुद्राकाठी रीझे प्रांतात चहाचे मळे लावविले.

पूर्व आशियात न्याहारी व भोजन यांत आपल्यासारखा भेद नाही. जपानी परंपरेत भात, मिसोचे सार, भाजलेला मासा, लोणचे आणि आंबविलेल्या सोयाबीनचा चिकट नात्तो हे सकाळीही येतात. दुसऱ्या महायुद्धानंतर शाळांतून अमेरिकन गव्हाचा पाव वाटला गेला, तेव्हापासून कित्येक घरांत पावाने भाताची जागा घेतली. चीनमधील तांदळाची पातळ पेज कोकणातल्या माणसास परकी वाटणार नाही, फक्त तिच्यासोबत तळलेल्या पिठाच्या लांब कांड्या असतात. ब्रह्मदेशात माशाच्या रस्स्यातील तांदळाच्या शेवया, म्हणजे मोहिंगा, आणि मलायात नारळाच्या दुधात शिजविलेला भात, सुके मासे व तिखट सांबल यांची केळीच्या पानातील पुडी लोकप्रिय आहे. व्हिएतनामचा फो हा गोमांसाच्या रस्स्याचा पदार्थ विसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर भागात उदयास आला. फ्रेंच अंमलापूर्वी तेथे बैल मुख्यतः नांगरासाठी होता.

भारतात इडलीचा उल्लेख कल्याणीच्या चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास ग्रंथात आढळतो, परंतु ती इडली तांदळाविना, केवळ उडदाची होती. महाराष्ट्रातील कांदेपोह्यांतले पोहे पुरातन खरे, पण त्यांतील मिरची, बटाटा व शेंगदाणे हे तिन्ही जिन्नस अमेरिका खंडातून पोर्तुगीज काळात आलेले, आणि शेजारच्या कपातील चहा तर विसाव्या शतकात कंपन्यांनी गावोगाव फुकट पाजून लावलेली सवय. गोव्यातील पहाटेचा पाव व मुंबईच्या इराण्याकडील ब्रून-मस्का यांची जातकुळी तशीच परदेशी आहे. त्यांच्याविषयी मुंबईकराची निष्ठा मात्र कोणत्याही कुलाचारास लाजवील अशी.

मेक्सिकोत शिळ्या मक्याच्या रोट्यांचे तुकडे तळून मिरचीच्या रश्शात घालतात. जमेकाची न्याहारी म्हणजे ॲकी नावाचे फळ व खारवलेला कॉड मासा. फळ पश्चिम आफ्रिकेतले, गुलामांच्या व्यापाराच्या काळात तेथे पोहोचलेले. मासा उत्तर अटलांटिकचा, उसाच्या मळ्यांतील गुलामांचे स्वस्त खाद्य म्हणून आणविलेला. ॲकीचे फळ झाडावर आपोआप उकलल्याखेरीज खाता येत नाही, कारण कच्च्या फळातील विषाने रक्तातील साखर एकाएकी उतरून मृत्यूही ओढवतो. म्हणून ते स्वयंपाकास घेण्यापूर्वी उकललेले आहे की नाही हे पाहून, बिया व तांबूस धागा काढून, गर उकळून घेतात आणि मगच तो माशाबरोबर परततात.