युद्धपटांतील बालमैत्री आणि वळिवड्याचा पुरावा

दुसऱ्या महायुद्धातील छळावर आधारलेल्या चित्रपटांत दोन मुलांच्या मैत्रीची योजना वारंवार आढळते. छळामागील राजकारण मुलास उमगत नाही. आपला मित्र नाहीसा झाला, एवढेच त्यास कळते. हा संकेत परिणामकारक आहे खरा. तथापि इतिहासाचे साधन म्हणून त्याची पारख करणे अवश्य ठरते.

फ्रेंच दिग्दर्शक लुई माल यांचा १९८७ सालचा ‘मुलांनो, पुन्हा भेटू’ या अर्थाच्या नावाचा चित्रपट हे त्याचे बोलके उदाहरण होय. १५ जानेवारी १९४४ रोजी आव्हों येथील कॅथलिक शाळेतून तीन ज्यू विद्यार्थी व त्यांना आश्रय देणारे मुख्याध्यापक फादर झाक यांना अटक झाली. तिघेही विद्यार्थी आउश्विट्झ येथे मृत्यू पावले. अकरा वर्षांचे माल त्याच शाळेत होते. मात्र चित्रपटातील निकट स्नेह प्रत्यक्षात तितका नव्हता, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. न जुळलेल्या मैत्रीची खंत येथे जुळलेल्या मैत्रीचे रूप घेते.

हीच कसोटी महाराष्ट्रातील एका प्रकरणास लावता येते. १९४०–४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेली सुमारे पाच हजार माणसे, मुख्यतः स्त्रिया व मुले, इराणमार्गे येऊन १९४३ पासून कोल्हापूरनजीकच्या वळिवडे छावणीत राहिली. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. मायभूमीचा पूर्वभाग सोव्हिएत संघात गेल्याने अनेकांना परतण्यास घर उरले नव्हते. ती कुटुंबे ब्रिटनादी देशांत पांगली.

२०१९ साली वळिवडे येथे स्मृतिस्तंभ उभारला गेला, तेव्हा या संबंधास दोन राष्ट्रांच्या मैत्रीचे रूप लाभले. परंतु छावणीतील शाळा पोलिश होत्या व शिक्षणाची भाषाही पोलिश होती. स्थानिक मुलांशी संबंध आला तो बाजारात, बालवीर पथकांत आणि वाटेवर. आठवणींचा मोठा संग्रह पूर्वीच्या छावणीवासीयांनी सिद्ध केला. म्हणून त्यात आश्रितांची बाजू विशेष उमटली.

चित्रपटात छळ मैत्री तोडतो. वळिवड्यास छळ आधी घडला, ओळख नंतर झाली आणि वियोग छावणी मोडल्याने आला. या साध्या ओळखीस गाढ मैत्री म्हणणे म्हणजे माल यांची खंत इतिहासात उतरविणे होय. त्या काळच्या मराठी मुलांनी आज ऐंशी ओलांडली आहे. त्यांची साक्ष आताच नोंदविली नाही, तर मागे केवळ स्तंभ उरेल.