मागोमेरो मिशन

आग्नेय आफ्रिकेतील एक अल्पजीवी अँग्लिकन ख्रिस्ती धर्मप्रसार-केंद्र. सध्याच्या मलावी देशाच्या दक्षिण भागात, शीरे नदीच्या पूर्वेकडील पठारावरील मागोमेरो या खेड्यात ते जुलै १८६१ मध्ये स्थापन झाले आणि वर्षाच्या आतच उठले.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन (१८१३–७३) याने डिसेंबर १८५७ मध्ये केंब्रिज येथे दिलेल्या व्याख्यानातून या उपक्रमाला चालना मिळाली. ख्रिस्ती धर्म आणि सनदशीर व्यापार यांच्या प्रसाराने गुलामांचा व्यापार आपोआप खुंटेल, असे त्याचे प्रतिपादन होते. ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांतील मंडळींनी मिशन स्थापन केले. डरॅम व डब्लिन ही विद्यापीठे त्यांना पुढे येऊन मिळाली. १ जानेवारी १८६१ रोजी केपटाउन येथे चार्ल्स फ्रेडरिक मॅकेंझी (१८२५–६२) याला बिशपपदाची दीक्षा देण्यात आली. लिव्हिंग्स्टनच्या मार्गदर्शनाखाली ही मंडळी पठार चढून गेली, तेव्हा मॅकेंझीच्या एका हातात बिशपचा दंड, तर दुसऱ्या हातात दुनळी बंदूक होती.

१६ जुलै रोजी म्बामे याच्या गावी टेटेकडे नेण्यात येणाऱ्या गुलामांचा तांडा त्यांना आढळला. रखवालदार पळून गेले. मानेत लाकडी बेचके अडकविलेल्या व दोरांनी जखडलेल्या ८४ जणांची सुटका झाली. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. त्यांना लिव्हिंग्स्टनने मॅकेंझीच्या स्वाधीन केले. अशा रीतीने, धर्मोपदेशाचा एक शब्दही उच्चारण्यापूर्वी, मिशन या निराश्रितांचे पोशिंदे व रक्षणकर्ते बनले. मांगान्जा जमातीचा प्रमुख चिगुंडा याने मागोमेरो येथे राहण्याचे निमंत्रण दिले.

मिशनचे खरे अपयश येथूनच सुरू होते. याओ लोक हे आक्रमक व गुलामांचे व्यापारी आणि मांगान्जा हे त्यांचे बळी, अशी सरळ विभागणी मिशनऱ्यांनी गृहीत धरली. वस्तुतः याओ हे स्वतःच आपल्या मूळ प्रदेशातून हुसकले गेलेले होते, आणि मांगान्जा प्रमुखही माणसे विकत असत. मांगान्जांनी मदत मागितली ती प्रामुख्याने बंदुकांच्या भरवशावर. यापुढे आपण गुलाम विकणार नाही, असे वचन त्यांच्या प्रमुखांकडून घेऊन मॅकेंझीने ऑगस्टमध्ये याओंच्या गावांवर चढाया केल्या. मुक्त झालेल्यांची संख्या वाढली, तसा अन्नाचा प्रश्नही बिकट झाला. धर्मोपदेशकांनी शस्त्र हाती घेतल्याबद्दल इंग्लंडमध्ये कठोर टीका झाली. ती अवाजवी म्हणता येणार नाही. मात्र त्या क्षणी सुटका नाकारणे कितपत शक्य होते, हा प्रश्न टीकाकारांना सोडविता आला नाही.

जानेवारी १८६२ मध्ये रूओ नदीच्या मुखाकडे जाताना मॅकेंझीची होडी उलटून औषधे बुडाली आणि ३१ जानेवारी रोजी तो हिवतापाने मरण पावला. त्याचा सोबती हेन्री बरप हाही फेब्रुवारीत वारला. अवर्षण, दुष्काळ व हगवण यांमुळे मुक्त गुलामांपैकी अनेक जण दगावले. उरलेली मंडळी त्याच वर्षी शीरेकाठच्या चिबिसा गावी गेली. नवा बिशप विल्यम टोझर याने १८६४ मध्ये मिशन झांझिबारला हलविले. मुक्त गुलामांना मागे सोडून देण्यास होरेस वॉलर या सहकाऱ्याने विरोध केला आणि त्यांपैकी काहींना तो केपटाउनला घेऊन गेला. १८८५ मध्ये न्यासा (मलावी) सरोवरातील लिकोमा बेटावर मिशनचे केंद्र स्थापन झाले.

मुक्त झालेल्यांपैकी चुमा व विकातानी या मुलांना लिव्हिंग्स्टनने १८६४ मध्ये मुंबईस आणून जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवले. तेथे १८६५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८६६ च्या सफरीसाठी त्यांच्याबरोबर नाशिकजवळील शरणपूर येथील ख्रिस्ती वसाहतीत शिकलेले आफ्रिकी तरुणही निघाले. लिव्हिंग्स्टनचा मृतदेह १८७३-७४ मध्ये समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत चुमा प्रमुख होता. तो स्वतः याओ होता. पुढे झांझिबारहून अंतर्भागात जाणाऱ्या तांड्यांचा नायक म्हणून त्याने याच मिशनचे काम केले. १८८२ मध्ये झांझिबार येथे त्याचे निधन झाले.