पान एकच, चहा वेगळे

परवा ऑफिसमधला एक मित्र ठामपणे म्हणाला, "ग्रीन टीचं झाडच वेगळं असतं रे." मी त्याला हसलो नाही. कारण हीच चूक खुद्द लिनियसने केली होती. वनस्पतींना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रूढ करणारा हा माणूस. १७६२ मध्ये त्याने हिरव्या आणि काळ्या चहाची दोन वेगळी झाडं नोंदवली. युरोपात चहा पोचायचा तो वाळून, पेटीत बंद होऊन. झाड बघितलंय कोणी?

छडा लावला तो स्कॉटलंडच्या रॉबर्ट फॉर्च्यूनने. १८४० च्या दशकात तो चीनमध्ये फिरला आणि त्याने सांगितलं, झाड एकच आहे, फरक पान तोडल्यानंतर पडतो.

तो कसा? चिरलेलं वांगं उघडं ठेवलं की काळं पडतं, बरोबर? चहाच्या पानाचंही तसंच. पान सुकवून, चुरगाळून हवेत ठेवलं की त्यातलं एन्झाइम कामाला लागतं आणि पान काळपट होतं. हा काळा चहा. तोडल्यावर लगेच कढईत परतलं किंवा वाफवलं, तर एन्झाइम बंद पडतं. हा हिरवा. अर्ध्यावर थांबवलं तर ऊलाँग.

१८४८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने फॉर्च्यूनला पुन्हा चीनला धाडलं. काम काय? चहाची रोपं आणि बिया भारतात आणायच्या. परक्यांना आतल्या भागात बंदी, म्हणून तो चिनी वेशात हिंडला. हिरव्या चहाच्या कारखान्यात त्याला दिसलं की कामगारांचे हात निळे झालेत! परदेशी गिऱ्हाइकाला रंग आवडतो म्हणून चहात प्रशियन ब्लू आणि जिप्सम मिसळत होते. त्याच्या हिशोबाने १०० पौंड चहामागे अर्ध्या पौंडाहून जास्त. तिथले लोक स्वतः मात्र असला चहा पीत नव्हते.

आता आपल्याकडे या. १९३० च्या सुमारास आसाममध्ये विल्यम मॅकरचरने सीटीसी मशीन काढलं. दातेरी रूळ पान चिरडतात, फाडतात आणि त्याच्या गोळ्या करतात. रंग झटकन उतरतो, दुधातही चव टिकते. आपला टपरीवरचा चहा तो हाच. त्यात पान दिसतच नाही, म्हणून तर आपण दुकानात सरळ 'चहा पावडर' मागतो!

लिनियसने वाळलेला माल बघितला, आपण पावडर बघतो. मित्राला मी एवढंच सांगितलं, अख्ख्या पानांचा ग्रीन टी आण, गरम पाण्यात टाक आणि पान उलगडताना बघ.

भेटू पुढच्या भागात. तोवर चहा घ्या!