रक्तरसाची परीक्षा आणि करवत मासा : परिभाषेच्या इतिहासातील एक प्रकरण

जोग नदीच्या मुखाशी वसलेल्या आंजर्ले या गावी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखण्याचे कार्य ग्रामस्थ व वनविभाग यांनी अनेक वर्षे केलेले आहे. २०२२ च्या जानेवारीत येथील ‘सावनी’ नामक मादीच्या पाठीवर उपग्रह-संदेशक बसविण्यात आला. त्यामुळे तिचा मार्ग कळू लागला. ती निरोगी आहे किंवा कसे, हे सांगणे मात्र त्या यंत्राच्या आवाक्याबाहेरचे होते. तो प्रश्न रक्तालाच विचारावा लागतो. जे मासे अंडी घालण्यास वाळूवर येत नाहीत, त्यांच्या बाबतीत तर ही गरज अधिकच. कोकणच्या समुद्रातून जवळजवळ नाहीसा झालेला करवत मासा हा त्यांपैकी होय.

रक्तरसातील प्रथिने विद्युत्क्षेत्रात निरनिराळ्या वेगाने सरकतात, या तत्त्वावर स्वीडनमधील आर्ने टिसेलियस यांनी १९३७ मध्ये त्यांचे विभाजन करून दाखविले. अल्ब्युमिनाखेरीज जे घटक दिसले त्यांना त्यांनी आल्फा, बीटा व गॅमा ग्लोब्युलीन अशी नावे दिली. १९४८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. पुढे १९५५ मध्ये ऑलिव्हर स्मिथीज यांनी पिष्टाच्या जेलचा उपयोग केल्यामुळे हे विभाजन अधिक सूक्ष्म व पुष्कळ सुलभ झाले. दाह किंवा संसर्ग झाला असता या घटकांचे परस्परप्रमाण बदलते. निदानाचा आधार तो हाच.

ही नावे मात्र सस्तन प्राण्यांच्या रक्तावरून घडलेली होती. मुशी, पाखट, करवत मासा इत्यादी उपास्थिमीनांच्या रक्तात सस्तन प्राण्यांसारखे अल्ब्युमीन आढळत नाही. तेव्हा पट्ट्यांना जुनी नावे चिकटविण्याऐवजी पहिला, दुसरा असे केवळ क्रमांक देण्याची पद्धत संशोधकांनी स्वीकारली. परिभाषेच्या दृष्टीने हा प्रामाणिकपणा उल्लेखनीय होय. (दख्खनच्या नद्यांतील माशांना शास्त्रीय नावे देताना कर्नल साइक्स यांनी ‘खुद्री’सारखे स्थानिक शब्द सरळ लॅटिनमध्ये घेतले, तोही विनय याच जातीचा.) दुसरी एक अडचण अशी की, या माशांच्या रक्तात युरिया पुष्कळ असतो. त्यामुळे वक्रीभवनमापकावर प्रथिनांचा आकडा वास्तवापेक्षा अधिक दिसतो आणि अशक्त मासाही धडधाकट भासू शकतो.

परंतु खरा पेच याहून खोल आहे. रोगट रक्त ओळखावयाचे तर निरोगी रक्ताचे प्रमाण आधी ठाऊक हवे. आणि ते ठरविण्यास बरेच निरोगी मासे हवेत. जो प्राणी दुर्मीळ झाला, त्याचेच प्रमाण नेमके मिळत नाही. फ्लोरिडाच्या दक्षिण भागात २०२४ च्या आरंभी करवत मासे गरगर फिरू लागले व पन्नासाहून अधिक दगावले. समुद्रतळावरील सूक्ष्म शैवलांच्या विषाचा संशय व्यक्त झाला. त्या देशात ही जात २००३ पासून संरक्षित असल्यामुळे तिच्या अभ्यासाची काही परंपरा तरी हाताशी होती.

भारतात करवत मासे २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मुद्दाम धरून त्यांचे रक्त घेणे शासनाच्या अनुमतीविना शक्य नाही, आणि ते योग्यच आहे. मग उरतो तो चुकून जाळ्यात आलेला मासा. पण जाळ्यातील धडपडीनेही शरीरद्रवांचा तोल बिघडतो व रक्तातील प्रमाणे बदलतात. म्हणून हर्णैच्या होडीवर असा मासा आलाच, तर शेपटीखालील शिरेतून थोडे रक्त काढून त्यास तत्काळ पाण्यात सोडणे, आणि तो किती वेळ जाळ्यात होता हे तांडेलाच्या तोंडून टिपून घेणे, या दोन गोष्टी एकाच नोंदीत याव्या लागतील.