प्राप्तिकरावरचा पहिला रोष

1857 च्या उठावाने वाढलेले कर्ज फेडण्यासाठी व्हाइसरॉयच्या मंडळाचे अर्थसदस्य जेम्स विल्सन यांनी 1860 साली हिंदुस्थानात प्राप्तिकर, म्हणजे व्यक्तीच्या वार्षिक उत्पन्नावरील थेट कर, सुरू केला. वर्षाला 200 रुपयांहून कमी उत्पन्न त्यातून वगळले होते. 500 रुपयांपर्यंत शेकडा 2 आणि त्यापुढे शेकडा 4 असा दर होता. मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी मात्र नव्या करापेक्षा खर्चात, विशेषतः लष्करी खर्चात, कपात करावी असे मत मांडले आणि ते वृत्तपत्रांतून प्रसिद्ध केले, म्हणून त्यांना परत बोलावण्यात आले. सरकारच्याच एका गव्हर्नराने हे उघड सांगावे, ही घटना इतिहासात मोठ्या मोलाची मानली पाहिजे.

1865 मध्ये बंद झालेला हा कर 1869 मध्ये पुन्हा आला, 1873 मध्ये उठला आणि 1886 च्या कायद्याने कायम झाला. त्यात 2,000 रुपयांपासून पुढच्या उत्पन्नावर रुपयामागे 5 पै (192 पैंचा एक रुपया) द्याव्या लागत, पण शेतीचे उत्पन्न करमुक्त होते. लोकांचा खरा राग दरापेक्षा खर्चावर होता, कारण 'होम चार्जेस', म्हणजे कर्जावरील व्याज, निवृत्तिवेतने आणि लंडनमधील कचेरीचा खर्च, हिंदुस्थानच्या महसुलातून इंग्लंडमध्ये भागवला जाई, आणि त्यावर मत देण्याचा अधिकार करदात्याला मुळीच नव्हता.