अइकवर्तन्न : एका फेरीची कुळकथा

अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तने, तबल्यावर तीनतालाचे आवर्तन, उन्हाळ्यात कालव्याला सुटणारे पाण्याचे आवर्तन. तिन्हीकडे भाव एकच : गेलेले वळून पुन्हा येते. या शब्दाचा एक फार जुना भाऊबंद तुर्कस्तानात, मातीच्या पाटीवर सापडला आहे. तिथे तो घोड्यांच्या रिंगणात फिरत होता.

अंकाराच्या पूर्वेला बोआझकोय नावाचे गाव आहे. हित्ती राज्याची राजधानी हत्तुशा ती हीच. १९०६ साली ह्युगो विंकलर आणि थिओडोर माक्रिदी यांनी तिथे खोदकाम सुरू केले आणि हजारो पाट्या निघाल्या. लिपी बाबिलोनकडची कीलाक्षरी, त्यामुळे अक्षरे लागत. भाषा मात्र कळेना. १९१५ साली बेड्रिच ह्रोझनी यांनी ती इंडो-युरोपीय कुळातली आहे असे दाखवले, तेव्हा कुठे पाट्या बोलू लागल्या.

त्यांतल्या चार पाट्या रथाच्या घोड्यांच्या तालमीच्या. मूळ मजकूर सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीचा. पहिल्याच ओळीत सांगणारा आपली ओळख देतो : मितन्नी देशाचा अश्वशिक्षक किक्कुली. पुढे दिवसवार हिशेब. आज किती पळवायचे, केव्हा धुवायचे, घाम काढायला झूल कधी घालायची, जव किती, गवत किती. भाषा हित्ती, पण मध्येच लेखनिकाला परके वाटावेत असे शब्द येतात. एकाची अक्षरे सुटी केली तर अशी दिसतात : अ-इ-क-व-अर्-त-अन्-न. म्हणजे 'अइकवर्तन्न'.

हा शब्द एकटाच असता तर कुणी काहीही अर्थ लावला असता. पण त्याच्या पंगतीला 'तेरवर्तन्न', 'पंझवर्तन्न', 'सत्तवर्तन्न' आणि 'नावर्तन्न' बसलेले आहेत. शेपूट तेच, डोके तेवढे बदलते. पत्त्यांतली पंजी, सत्ती, नव्वी हातात धरलेल्या माणसाला आणखी काय सांगायचे? एक, तीन, पाच, सात, नऊ. यातला 'तेर' मात्र आपला तेरा नव्हे, तो तीन. 'नव' आणि 'वर्तन्न' जोडताना दोन 'व' शेजारी आले, त्यातला एक गिळला गेला; नाककटा माणूस नकटा झाला तसाच. पेटर येन्सेन यांनी १९१९ मध्ये हे भारतीय संख्याशब्द म्हणून मांडले. मागे 'वर्तन्न' म्हणजे वळण, फेरी. घोडा एका फेरीने पळवा, सात फेऱ्यांनी पळवा, असा गुरूचा हुकूम.

कानाला सारखे लागले म्हणून नाते जोडायचे नसते. खरी साक्ष 'अइक' मधल्या 'क'ची. प्राचीन इराणी भाषांत एकाला 'अइव' म्हणत. 'क' लागतो तो भारतीय शाखेत. शिवाय संस्कृतात 'एक' झाला तरी पाटीवर 'अइ' हा जुना जोडस्वर शाबूत आहे. म्हणजे शब्द आपल्याच शाखेचा, पण 'ए' होण्याआधीच्या वळणावरचा. 'सत्त' पाहून प्राकृत आठवते आणि मराठी 'सात' त्याच रूपातून आला. तरी पाटीवरचा 'सत्त' शेजारच्या हुर्री भाषेतल्या सातच्या वळणाने घडला, असे मानणारे अभ्यासक आहेत.

एक गंमत आणखी. घोड्यासाठी लेखनिक जे सुमेरी चिन्ह काढतो त्याचा शब्दशः अर्थ 'डोंगरातले गाढव'. वाचणारा ते आपल्या भाषेत वाची. आकडेही हित्ती लोक बहुधा चिन्हांनीच लिहीत, म्हणून त्यांच्या कित्येक संख्यांचा उच्चार चिन्हाआड झाकला गेला. पाहुण्याचे 'पंझ' मात्र अक्षर अक्षर लिहून ठेवले.

यावरून मितन्नीत घरोघरी संस्कृत बोलत, असे कुणी म्हणू लागला तर त्याला थांबवावे. तिथली रोजची भाषा हुर्री. इंद्र, वरुण, मित्र, नासत्य ही नावे मितन्नीच्या तहात येतात, राजांची काही नावेही त्याच वळणाची आहेत. पण किक्कुलीच्या तोंडी हे शब्द धंद्याचे आहेत. मराठीत बादली, चावी, पगार पोर्तुगिजांकडून आले, म्हणून आपण पोर्तुगीज बोलतो असे होत नाही. वस्तू आणि हुन्नर येतो तेव्हा त्यांची नावेही सोबत येतात.

म्हणून 'अइकवर्तन्न'ची किंमत वंशाच्या दाखल्यात नाही. ऋग्वेद लिहून काढला गेला तो फार उशिरा, तोवर तो मुखानेच चालत आला. त्या शाखेचे संख्याशब्द हाती लिहिलेले सर्वांत आधी दिसतात ते या पाटीवर, आणि तेही देवाच्या स्तुतीत नव्हे, तर घोड्याने किती फेऱ्या मारायच्या ते सांगताना.